प्रकरण अकरावे : जिगमधला उतार

लग्नाच्या आदल्या दिवशी, दुपारची नमाज आटोपून रोकिया मांडवाखाली परतली, तेव्हा कांदे सोलणाऱ्या बायकांचा आवाज एकाएकी खाली आला. त्या शांततेचा अर्थ तिला पूर्णपणे उमगत होता. मांडवातील निम्म्याअधिक बायकांनी आपल्या उमेदीची वर्षे पिनांग बेटावरील बायान लेपासच्या इलेक्ट्रॉनिक चिपांच्या कारखान्यात, भिंगात डोळा घालून केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडण्यात वेचली होती. आणि रोकिया त्याच कारखान्याची उत्पादनप्रमुख होती. जोडणीचे विभाग व्हिएतनामला चालले आहेत, ही वार्ता आता गावात कुणालाही नवी राहिली नव्हती. नवे एवढेच होते की, तिकडच्या नव्या कारखान्याचा निम्मा माल वाया जात होता, त्याचे कारण शोधण्यासाठी अमेरिकेहून मिस्टर हॅरल्ड आले होते, आणि आज ते याच मांडवात जेवायला येणार होते.

"कक लाँग, बसा की," झैनॉन म्हणाली. झैनॉन ही रोकियाच्या धाकट्या भावाची, शुआइबची पत्नी. उद्याच्या नवरीची आई. थोरली म्हणून भावंडे आणि भावजया रोकियाला कक लाँग, म्हणजे थोरली ताई, किंवा नुसते लाँगच म्हणत; किंबहुना तिचे खरे नाव केवळ पगारपत्रकापुरते उरले होते.

"तुम्ही सगळ्या कांद्यानं रडताय, का माझं तोंड बघून?" रोकियाने बसता बसता विचारले.

"कांदा बरा, लाँग," रहमा म्हणाली. रहमा तिच्याबरोबर पहिल्याच वर्षी कामाला लागलेली. "कांद्याचं काय होणार ते आधी कळतं तरी. आमचं कोण सांगणार?"

"मला कळलं की तुला पहिलं सांगीन."

"हे तू दिवाळखोरासारखं बोललीस, पैसे आले की तुला पहिलं देईन," रहमा म्हणाली, आणि बायका हसल्या. परंतु ते हसणे फार वेळ टिकले नाही. मांडवाच्या पलीकडे पुरुषांनी दोन गाईंचे मांस लाकडी ठोकळ्यांवर तोडावयास घेतले होते. त्या घावांचा आवाज तेवढा एकसारखा येत राहिला.

शुआइबने दुरूनच मान हलवून बहिणीला खूण केली. खूण घराच्या मागील बाजूची होती. तिथे पूर्वी म्हशी बांधत असत. पुढे कंपनीतील तंत्रज्ञाची नोकरी सोडून शुआइबने त्याच गोठ्यात एक लेथ आणून ठेवले आणि कंपनीलाच जिगा पुरवण्याचा उद्योग आरंभिला. आज त्याची मोठी शेड हमरस्त्यालगत होती, हाताखाली चाळीस माणसे होती; तथापि कंपनीच्या जिगा तो अजूनही या गोठ्यातच, स्वतःच्या हातांनी पूर्ण करीत असे. तारा जोडताना धातूची पातळ पट्टी ज्या पोलादी चौकटीत घट्ट धरून ठेवतात, ती जिग. दिसायला ती साबणाच्या वडीएवढी. परंतु पट्टी तिच्यात जराही हलली, तर पुढचे सारे श्रम व्यर्थ.

आत जाताच शुआइबने दार लोटले.

"तू हॅरल्डला काही सांगणार नाहीस," तो म्हणाला. "मला शब्द दे, लाँग."

"अरे, दार तरी लागू दे नीट."

"चेष्टा नको. तिकडं माल फुकट जातोय ना? जाऊ दे. सहा महिने थांब. येतील परत, आणि म्हणतील, बाबांनो, तुम्हीच करा."

"परत येणार नाहीत, सू," ती धाकट्याला लहानपणीच्या नावाने म्हणाली. "ती वस्तूच बंद करतील. मग तिकडंही काही नाही, इथंही काही नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? दोन ठिकाणी वस्तू बनते म्हटल्यावर ठेवतील. एकाच ठिकाणी बनते, आणि का बनते ते त्यांना कळत नाही, असली वस्तू कोण सांभाळील?"

समोरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेल्या जिगा ओळीने ठेवल्या होत्या. दोघांचीही दृष्टी तिकडेच वळली.

वास्तविक गोष्ट अगदी साधी होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मिस्टर हॅरल्ड पहिल्यांदा पिनांगला आले, तेव्हा त्यांनी आणलेल्या आराखड्यात जिगची बैठक सपाट होती. त्या सपाट बैठकीवर पट्टी किंचित उचलली जाई. विशीतल्या शुआइबने एका संध्याकाळी कानशीने त्या बैठकीला, बोटाला जेमतेम जाणवेल इतका उतार दिला, आणि पट्टी अंगाला अंग लावून निजली. रोकिया तेव्हा त्या रांगेची प्रमुख होती; तिने मंजुरीची सही केली. मिस्टर हॅरल्डना मात्र कुणीच काही सांगितले नाही. जो माणूस हजारो मैलांवरून शिकवायला आला, घरी येऊन जेवला, त्याच्या तोंडावर 'तुमचे चुकले' असे कसे म्हणावे? त्याचा चेहरा उतरला असता, आणि पाहुण्याचा चेहरा उतरवणे ही गोष्ट त्या घराच्या रीतीत बसणारी नव्हती. पुढे दर नव्या वस्तूचा आराखडा आला की जिग घडवतानाच त्यातील उणीव इथे निमूट भरून काढली जाई. माल उत्तम निघे. अमेरिकेहून शाबासकीचे पत्र येई. आणि शाबासकी घेऊन खाली मान घालणे हाच आपला शिष्टाचार, असे ते सारे समजत आले. त्या शिष्टाचाराचा परिणाम असा झाला की, आपले आराखडे इतके निर्दोष आहेत की ते जगाच्या पाठीवर कुणालाही देता येतील, अशी अमेरिकेची प्रामाणिक समजूत झाली. म्हणूनच तर जोडणी व्हिएतनामला निघाली होती, आणि तिकडच्या जिगा आराखड्याबरहुकूम सपाटच घडल्या होत्या.

दार धाडकन उघडले. नवरी आत आली होती, तीही खांद्याने दार ढकलून. कारण तिच्या दोन्ही हातांच्या बोटांवर मेंदीचा ओला थर होता आणि ते हात तिने पुढे अधांतरी धरले होते.

"मर्दिया, नवरीनं कारखान्यात यायचं नसतं," शुआइब म्हणाला.

"हा कारखाना कुठाय, अबाह? गोठा आहे म्हणून तुम्हीच सांगता सगळ्यांना." मग ती आत्याकडे वळली. "मक लाँग, तुम्ही शब्द दिला नाहीत ना अजून?"

"तू भिंतीला कान लावून उभी होतीस?"

"हात लावता येत नाही कशाला. कानच लावणार."

मर्दिया कंपनीतच, आराखडे करण्यासाठी नव्याने जमवलेल्या अकरा जणांच्या गटात होती. पुढची वस्तू आम्हाला इथेच, पिनांगमध्ये आखू द्या, अशी विनंती या गटाने तीन वेळा केली होती. आणि तिन्ही वेळा तेच सौजन्यपूर्ण उत्तर आले होते, की तुम्ही बनवता उत्तम, परंतु आखण्याचा अनुभव तुमच्याकडे नाही. ही विनंती पुन्हा फेटाळली गेली, तर जोडणी गेल्यावर कारखान्यात उरणार काय होते? रिकामी दालने, आणि रहमासारख्या बायकांना देण्याचा निरोप.

"अनुभव नाही म्हणतात," मर्दिया म्हणाली. "आणि आमचा अनुभव तुम्ही इथं फडक्यात गुंडाळून ठेवलाय, अबाह."

"या फडक्यानंच तुला इंजिनिअर केली."

"मी कुठं नाही म्हणते? पण ही जिग ते नेतील तर नेऊ द्या. आज ना उद्या कुणीतरी तिच्यावर अंगठा फिरवणारच. पुढची जिग कशी असेल, ते ठरवणारे आपण असलो म्हणजे झालं."

"आणि आत्याची नोकरी?" शुआइबचा आवाज चढला. "विचारल्याशिवाय आराखडा बदलणं म्हणजे काय, माहीत आहे ना? त्याच दिवशी बाहेर. सही तिची आहे. माझी कुठंच नाही."

हे मात्र खरे होते. आणि त्याच्या हट्टाच्या तळाशी त्याचा धंदा तर आहेच, पण आपल्याविषयीची काळजीही आहे, हे त्या क्षणी रोकियाला स्पष्ट दिसले. तिचा राग निवळला.

"माझ्या सहीचं मी बघेन," ती म्हणाली. "पण जिग तुझी आहे, सू. उतार तुझ्या हातचा. तू हो म्हटल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. हा घे शब्द."

मर्दियाने हताश होऊन हात उंचावले, मग मेंदी आठवून पुन्हा सावकाश खाली आणले. शुआइबला हवे ते मिळाले होते. तरीही तो समाधानी दिसला नाही.

*

मिस्टर हॅरल्ड आले ते फुलाफुलांचा बाटिकचा शर्ट घालून. तो शर्ट त्यांना रोकियाच्या आईने दिलेला होता. आई गेली, शर्टाचा रंगही गेला, परंतु या घरी येताना त्यांनी दुसरा घातला नाही. उंच देह आता पुढे वाकला होता. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

झारीच्या पाण्याने हात धुऊन ते बाकावर बसले. रोकिया समोर बसली. शुआइब भाताचे ताट घेऊन पंगतीत वाढत होता, आणि यजमानाला शोभेल इतके हसतही होता; परंतु त्याचा एक कान या टेबलाकडे होता. झैनॉन स्वयंपाकघरातून एक झाकलेला वाडगा जातीने घेऊन आली.

"उद्याच्या जेवणात हे नाही," ती अभिमानाने म्हणाली. "खास तुमच्यासाठी केलंय आज."

वाडग्यात पेताई होती. हिरव्यागार, चपट्या शेंगदाण्यांच्या आकाराच्या त्या बिया, मिरचीच्या लालभडक वाटणात परतलेल्या. आणि तिचा तो उग्र वास, ज्याची लहानपणापासून सवय असावी लागते. मिस्टर हॅरल्डना पेताई आवडते, ही गोष्ट या घरात सूर्य उगवण्याइतकी निश्चित होती. दर वर्षी ते येत, दर वर्षी पेताई होई.

"छान," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते तोडकीमोडकी का होईना, पण गावची भाषा बोलू लागले होते. मग त्यांनी आवाज उतरवला. "रोकिया, एक सांग. इथं चालतं ते तिथं का चालत नाही? आराखडा तोच. यंत्रं तीच. मी दोन आठवडे त्या मुलींच्या पाठीशी उभा राहिलो. हात चांगले आहेत त्यांचे. तुम्ही पहिल्या वर्षी होता ना, तशाच आहेत. घाबरतात, पण चुकत नाहीत."

"रिपोर्ट कधी द्यायचाय?"

"सोमवारी. कारण नाही सापडलं तर लिहीन, ही वस्तू भरवशानं बनत नाही. मग ते ती काढून टाकतील." ते क्षणभर थांबले. "माझी शेवटची वस्तू ती. वाईट वाटतं, एवढंच."

रोकियाच्या जिभेवर उत्तर तयार होते, परंतु दिलेला शब्द आडवा येत होता. तिने शुआइबकडे पाहिले. तो नजर चुकवून शेजारच्या ताटात भात वाढू लागला. त्या ताटात भाताचा आधीच डोंगर झाला होता.

ती मिस्टर हॅरल्डच्या ताटाकडे पाहत राहिली. आयुष्यभर भिंगातून बारकावे टिपलेल्या तिच्या डोळ्यांना तिथे एक विलक्षण गोष्ट दिसली. मिस्टर हॅरल्ड एक पेताई उचलीत, भातात फिरवीत, आणि सराईत बोटाने भाताच्या ढिगाखाली सरकवीत. मग दुसरी. तिसरी मात्र त्यांनी तोंडात टाकली, न चावता पाण्याबरोबर गिळली, आणि झैनॉनकडे पाहून मान डोलावली. हे काम ते इतक्या सफाईने करीत होते की ते आजचे नव्हते, हे उघड होते.

"मिस्टर हॅरल्ड," रोकिया म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?"

त्यांचा हात थांबला. "विचार."

"तुम्हाला पेताई आवडते का?"

झैनॉन पळी हातात धरून तशीच उभी राहिली. मिस्टर हॅरल्डनी प्रथम तिच्याकडे, मग वाडग्याकडे, मग ताटातील त्या संशयास्पद ढिगाकडे पाहिले. त्यांचे कान लाल झाले.

"तुझ्या आईनं वाढली होती पहिल्यांदा," ते अखेर म्हणाले. "सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी छान म्हणालो. दुसऱ्या वर्षी दुप्पट आली."

"म्हणजे अठ्ठावीस वर्षं..."

"मला वाटलं, सांगितलं तर तुम्हाला वाईट वाटेल."

"अल्ला," झैनॉन मटकन बाकावर बसली. "आणि मी बाजारातून जास्तीत जास्त वासाची निवडून आणते दर वेळी."

"मला ते जाणवायचं," मिस्टर हॅरल्ड नम्रपणे म्हणाले.

हसण्याची पहिली लाट रहमाच्या बाजूने आली आणि बघता बघता सारा मांडव हलला. झैनॉन ओढणीने डोळे पुसत होती. ते हसून की रडून, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. रोकियाही हसली, आणि हसता हसता थांबली. तीच गोष्ट, तीच वर्षे, तोच संकोच. केवळ टेबलाची बाजू निराळी होती. तिने मान वर केली, तोवर शुआइबने भाताचे ताट जवळच्या बाकावर ठेवले होते आणि तो मागच्या बाजूला चालू लागला होता.

रागावून गेला, असे तिला वाटले. मर्दियाही दारातून बघत होती. गोठ्याचे दार वाजले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग तो परत आला, आणि फडक्यात गुंडाळलेली एक जिग त्याने ताट आणि वाडगा यांच्या मधोमध ठेवली.

"अंगठा फिरवा," तो म्हणाला.

मिस्टर हॅरल्डनी हात धुतले, पुसले, आणि बैठकीवरून अंगठा फिरवला. एकदा. मग उलट्या दिशेने. डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारे विमान अगदी कमी उंचीवरून गेले, आणि त्याचा आवाज विरल्यावर ते बोलले.

"हे मी काढलेलं नाही."

"नाही. तुम्ही सपाट काढलं होतं."

"कधीपासून आहे हे?"

"तुमच्या पहिल्या पेताईपासून," शुआइब म्हणाला.

यावर कुणी हसले नाही. मिस्टर हॅरल्डनी जिग उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"सगळ्यांत आहे असं काही? सगळ्या आराखड्यांत?"

"एक सोडून," शुआइब प्रामाणिकपणे म्हणाला. "तो अगदी बरोबर होता. त्या वेळी आम्हाला करायला काही राहिलंच नव्हतं. चुकल्याचुकल्यासारखं वाटलं."

"मी स्वतःला फार चांगला समजत होतो."

"चांगलेच आहात," मर्दिया पुढे येऊन म्हणाली. हात अजून तसेच अधांतरी. "वाईट आराखडा सुधारत बसत नाहीत, मिस्टर हॅरल्ड. टाकून देतात. तुमचा एकही टाकावा लागला नाही."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरील गाठ किंचित सुटली. आता शब्द मोकळा झाला होता, म्हणून रोकिया बोलली. तिचा आवाज स्थिर होता.

"नियम मोडलाय. प्रत्येक मंजुरीवर माझी सही आहे, दुसऱ्या कुणाची नाही. ते लिहा. पण अर्धंच लिहू नका. आराखडा तुमच्याकडं सुरू होतो आणि इथं पुरा होतो, हेही लिहा. हे जर आखणं नसेल, तर आखणं कशाला म्हणतात ते त्यांना विचारा. पुढची वस्तू इथंच सुरू होऊ दे. मर्दियाचा गट करील. रहमा आणि तिच्या बायका पहिला माल काढून तपासतील. आणि व्हिएतनामच्या मुलींना जिगा पाठवू आम्ही. मी स्वतः जाऊन शिकवते."

"विकत पाठवू," शुआइब म्हणाला. "फुकट नाही."

"विकत," रोकियाने मान्य केले.

मिस्टर हॅरल्डनी जिग खाली ठेवली. "तुझ्या नोकरीचं वचन मला देता येणार नाही, रोकिया. मार्चनंतर माझंच कुणी ऐकणार नाही. पण तुम्ही नसलात की काय होतं, ते तिकडं आकड्यांत पडलंय. ते मी त्यांच्यापुढं मांडीन. आणि तू म्हणालीस ते सगळं, तुझ्याच शब्दांत. मला वाटतं, ते ऐकतील. तोट्याचं लवकर ऐकतात."

"इन्शाअल्ला," रहमा मागून म्हणाली. मग रोकियाच्या कानाशी वाकली. "पहिलं मला सांगीन म्हणाली होतीस."

"तुझ्या देखतच तर सांगितलं."

"तपासायला किती जणी लागतील?"

"आधी मिळू दे तरी."

"मी चाळीस धरते," रहमा म्हणाली, आणि कांद्यांकडे परत गेली. तिकडे कुजबूज सुरू झाली, आणि ती दुपारच्यासारखी खाली येणारी नव्हती.

झैनॉनने एवढ्यात पेताईचा वाडगा उचलला होता. तिने मिस्टर हॅरल्डपुढे कोरे ताट ठेवले.

"आता काय आवडतं ते खरंखरं सांगा. उद्या माझ्या लेकीचं लग्न आहे. आज खोटं नको."

"केळीच्या खुंटाची आमटी," ते तत्काळ म्हणाले. "ती मी चोरून दोनदा घेतो."

"ती तर आम्ही गडीमाणसांपुरती करतो," झैनॉन म्हणाली, आणि कपाळावर हात मारून आमटी आणायला गेली.

जेवण झाल्यावर मिस्टर हॅरल्डनी जिगकडे बोट दाखवले. "सोमवारी नेऊ का ही?"

"थांबा," शुआइब म्हणाला.

तो जिग घेऊन गोठ्याकडे गेला, आणि रोकिया त्याच्या मागोमाग गेली. मर्दियाही आली, पण मेंदीमुळे तिच्या हातांचा काही उपयोग नव्हता. शुआइबच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्याच्या नावाचा ठसा असे. कंपनीच्या जिगांवर मात्र तो त्याने कधीच मारला नव्हता. त्या दुसऱ्याच्या आराखड्याच्या, अशी बतावणी होती ना. त्याने खणातून पोलादी ठसा काढला, जिगच्या कडेवर टेकवला, आणि त्याचा हात जरा थबकला.

"धर, लाँग," तो म्हणाला. "हलू देऊ नकोस."

"आजवर हलू दिली का?"

तिने जिग दोन्ही हातांनी दाबून धरली. हातोड्याचा घाव पडला तेव्हा मांडवातील मांस तोडणाऱ्यांचे घाव क्षणभर थांबले, आणि पुन्हा सुरू झाले. शुआइबने पोलादाचा कीस फुंकून उडवली. अक्षरे चकाकत होती, किंचित तिरपी, पण सारी वाचता येण्याजोगी. मर्दिया वाकून वाचू लागली.

बाहेर जाताना रोकियाने सवयीने ते फडके उचलून त्याच्यापुढे धरले. शुआइबने ते पाहिले, आणि जिग तशीच उघडी हातात घेऊन तो मांडवाकडे निघाला.